खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही — आणि बहिणीला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. सांगायला बसले की मध्येच उठते, ओटा पुसते, कुकर लावते, परत येऊन बसते. आजही तेच चाललंय.

परभणीहून झरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जिनिंग मिल आहे. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघते. कापसाची गाडी आली की काट्यावर वजन होतं, पावती निघते आणि मगच गाडी आत जाते. ही पावती आमच्या सर्व्हरमधून येते. सर्व्हर म्हणजे फार काही नाही, ऑफिसच्या मागच्या खोलीतली एक काळी पेटी. पण तिचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता — आणि त्याचा मला तोरा होता. ‘मॅडमला विचारा’ असं कुणी म्हटलं की मला दिवसभर बरं वाटायचं.

मन्मथ माझ्या हाताखाली लागला. सोनपेठचा. वडिलांचं महादेवाच्या देवळाजवळ पूजेच्या सामानाचं दुकान, आणि घरात कॉम्प्युटरला हात लावणारा हा पहिलाच. मला ताई म्हणायचा. काट्यासाठी त्यानं एकट्यानं नवा प्रोग्राम लिहिला. गाडीचा फोटो, वजन, कापसातला ओलावा, माल कुठल्या ढिगावर टाकायचा — सगळं एका पावतीवर. जुन्या प्रोग्रामला यातलं निम्मंही जमत नव्हतं. आणि तो जुना प्रोग्राम माझा होता. हे आधी सांगायला हवं होतं का? बघा, इथंही मी ते मागंच ठेवलं.

आता थोडं मशीनचं ऐकून घ्या, त्याशिवाय माझं पाप कळायचं नाही. मशीनच्या आत कर्नल नावाचा कारभारी असतो. कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, हे तो ठरवतो. एरवी तो मोठ्या मनाचा — लग्नात पंगतीला बसतील त्याहून जास्त पत्रिका वाटतात ना, तसा तो असेल त्याहून जास्त मेमरीचा शब्द देऊन मोकळा होतो. सगळे एकदम येत नाहीत, म्हणून निभतं. मन्मथचा प्रोग्राम लागायच्या आधी, त्या उन्हाळ्यात एकदा सगळे एकदम आले. जागा करायला कर्नलनं चालता डेटाबेसच, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणारा प्रोग्रामच, बंद पाडला. मालक माझ्यावर ओरडले आणि मी चिडले. इंटरनेटवर शोधाशोध केली आणि सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली — यापुढे मर्यादेबाहेर शब्द द्यायचा नाही. ती मर्यादा किती, हे दुसऱ्या ओळीत लिहायचं असतं. ते मी लिहिलं नाही. न लिहिलं तर कर्नल आपल्या मनानं अर्ध्या मेमरीवरच हात आखडतो. मेमरी कमी पडली तर डिस्कची जागा वापरायची सोय असते, तीही मी आधीच काढून टाकलेली. मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. ‘करू नंतर’ म्हणून सोडलं.

शिवाय फाइलमध्ये लिहिलं म्हणजे लगेच लागू झालं, असं नसतं. वेगळी आज्ञा द्यावी लागते, नाहीतर मशीन बंद करून चालू करावं लागतं. मी दोन्ही केलं नाही. मालकांनी कशाला तरी हाक मारली, मी उठले आणि विसरले. आमच्याकडे लाइट गेली तरी इन्व्हर्टर असतो, जनरेटर असतो. सर्व्हर कधी थांबत नाही. वर्षातून एकदाच थांबतो — खंडेनवमीला. त्या दिवशी मिलमधलं सगळं धुऊन-पुसून पूजेला मांडतात. जिनिंगची यंत्रं, काटा, पान्हे, आणि मालकांच्या हट्टापायी सर्व्हरसुद्धा. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मीच तो बंद केला आणि मीच त्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी चालूही मीच केला. उन्हाळ्यात लिहिलेली ती ओळ लागू झाली, आणि माझ्या ते ध्यानीमनीही नव्हतं.

त्याच सकाळी कापूस खरेदीचा मुहूर्त होता, आणि मन्मथच्या प्रोग्रामचाही. त्याचे वडील एसटीनं सोनपेठहून आले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, धुवट सदरा. मालकांनी कौतुकानं त्यांच्याच हातून काट्यापुढं नारळ फोडवला. पहिल्या काही गाड्यांच्या पावत्या झकास निघाल्या. मग गाड्यांचे फोटो साठत गेले, प्रोग्राम आणखी मेमरी मागायला लागला — आणि बंद पडला. चालू केला की दोन-चार गाड्या जायच्या, परत बंद. ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेली. कुणी हॉर्न वाजवायला लागलं, कुणी शिव्या द्यायला.

मी सर्व्हरची मेमरी बघितली. अर्धी रिकामी होती. रिकामी असून मिळत नाही — म्हणजे काय, ते माझ्या लगेच लक्षात आलं. एक आज्ञा द्यायची होती, मिनिटभराचं काम होतं. मन्मथ माझ्या शेजारी उभा होता, घामानं निथळत. हळूच म्हणाला, “ताई, मशीनमधी काई बदललंय का?”

“नाही रे,” मी म्हणाले, “तुझंच काहीतरी बघ.”

का म्हणाले? घाबरले होते, हे खरं. मालक पुन्हा ओरडतील, पासवर्डवाल्या मॅडमचं हसं होईल — हेही खरं. पण एवढंच होतं का? नाही. त्याचा प्रोग्राम पडला, तेव्हा मला आतून जरा बरं वाटलं होतं. हे सांगताना मी परत एकदा उठून आले.

मालकांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. पोरखेळ मांडलाय का, लोकांनी दसऱ्याच्या दिवशी तुझ्यापायी रस्त्यावर बसायचं का — बरंच काही. मन्मथ मान खाली घालून उभा. तेव्हा त्याचे वडील बाकावरून उठले, पुढं आले आणि त्यांनी हात जोडले. “मालक, लेकरू हाय. चुकलं असल. त्याच्यापायी मी माफी मागतो.”

मी तिथंच होते. दोन पावलांवर.

मालक म्हणाले, मॅडमचा जुना प्रोग्राम लावा. मी लावला. त्याची भूक लहान, अर्ध्या मेमरीत भागलं. गाड्या सरकल्या, लोक निवले. मॅडम होत्या म्हणून निभलं, असं मालक चारचौघांत म्हणाले. दुपारी मिल लवकर सुटली, सगळे सोनं लुटायच्या गडबडीत. मी मागच्या खोलीत गेले. ती ओळ काढली, आज्ञा दिली आणि मन्मथचा प्रोग्राम चालवून बघितला. खोट्या गाड्या घातल्या, दिवसभरात येतील त्याहून कितीतरी जास्त. एकदाही अडखळला नाही. मी तो बंद केला आणि बाहेर आले. गेटपाशी मन्मथ थांबला होता. त्यानं माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मी घेतला.

इथं थांबले असते तरी चाललं असतं का? पण मी थांबले नाही. पुढं कितीतरी दिवस तो आपल्या प्रोग्राममध्ये ती चूक शोधत होता. ती सापडणार कशी? ती तिथं नव्हतीच. आता तर सर्व्हरवरही नव्हती. “माझ्यापाशी चालायलंय ताई, मालकासमोरच पडलं,” म्हणायचा, “माझ्यातच काई तरी कमी हाय.” मी त्याला धीर द्यायचे. इथं बघ, तिथं बघ, म्हणून सांगायचे — जिथं काही नाही हे मला ठाऊक होतं, नेमकं तिथं. संक्रांतीच्या आधी त्यानं काम सोडलं. वडिलांच्या दुकानात बसायला लागला.

मग बऱ्याच वर्षांनी, अगदी अलीकडे, एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला सोनपेठला गेले होते. आठवडी बाजाराचा दिवस, एसटीतून उतरून चालत निघाले, तर समोर मन्मथचं दुकान. उदबत्त्या, कापूर, रुद्राक्षाच्या माळा. मी पदर सावरून पुढं जाणार होते — पळणारच होते म्हणा — पण वडिलांनी ओळखलं. बसवून घेतलं, चहा मागवला. म्हणाले, “बाई, त्या दिवशी तुमी होत्या म्हणून आमची अब्रू राहिली. न्हाईतर मालकानं लेकराला पोलिसात दिलं असतं.” असू द्या, मी म्हणाले.

मन्मथ आतून आला. जाड झालाय, केस विरळ झालेत. ताई म्हणून तसाच हसला. घरचे भाच्याला कॉम्प्युटरला घालायचं म्हणतायत, म्हणाला, पण मी नको म्हणतोय. त्यात आपली चूक कुठं हाय तेच माणसाला कळत न्हाई. मग एकदम त्याला काहीतरी आठवलं. त्याच्या मामाचा कापूस आमच्या मिलवर आला होता, त्याची पावती त्यानं बघितली होती.

“लय झकास निघायलीय पावती आता,” तो म्हणाला. “नवा प्रोग्राम हाय न्हवं? कुणी लिहिला?”

नवा नाही तो. मन्मथ गेल्यावर पुढच्या हंगामात गाड्या वाढल्या आणि माझा जुना प्रोग्राम दमला, तेव्हा मी त्याचाच बाहेर काढला. पावतीची मांडणी बदलली, आतलं त्याचं नाव पुसलं, आणि माझा म्हणून काट्यावर लावला. तेव्हापासून तोच चालतोय. कधी पडला नाही. मालकांनी त्यावर माझा पगार वाढवला.

“तुमीच लिहिला व्हय, ताई?” मन्मथनं विचारलं. त्याच्या आवाजात नुसतं कौतुक होतं.

मी हो म्हणाले. मग त्याच्या वडिलांनी मागवलेला चहा प्यायले.