स्वॅपची रिकामी जागा

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं घरात भांडं रिकामं दिसणं म्हणजे पाप. आमचे हे तर या धर्मातले महापुरुष. नळ आला की पिंपं, बादल्या, कुकर, सगळं काठोकाठ. एकदा माझा जेवणाचा डबासुद्धा भरून ठेवला. मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत उघडते, तर पाणी!

अशा पुण्यवान घरात मी जुन्या कंप्युटरवर पीएचडीचा प्रबंध लिहीत होते. टेबल म्हणजे शिलाई मशीन, तेही दोन पिंपांच्या मधी. कंप्युटरची मेमरी तोकडी. प्रबंधासोबत दोन नकाशे उघडले की धापा टाकायचा. म्हणून मी स्वतः शिकून डिस्कवर थोडी जागा स्वॅपसाठी वेगळी काढली. ओट्यावर मावेना झालं की आपण डबे तेवढ्यापुरते खाली फरशीवर ठेवतो ना, तसं मेमरीत मावेना झालं की कंप्युटर आपलं सामान तिथं ठेवतो. त्यासाठी ती फरशी मोकळी लागते.

निष्कर्षाचं प्रकरण सोमवारी द्यायचं होतं. मुदतवाढ मागायला तोंड उरलं नव्हतं. शनिवारी मी नकाशा उघडला आणि पडदा जागच्या जागी थिजला. मग लिहायचा प्रोग्रॅम आपोआप बंद. सकाळपासूनचं सगळं लिखाण गेलं. मधून मधून सेव्ह करावं, हा अनमोल सल्ला मला नंतर अख्ख्या खानदानानं दिला.

बघते तर स्वॅप गायब! त्या जागी भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ, हळदीपासून पाठवणीपर्यंत.

हे वाळूजच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले. मी विचारलं, "तुम्ही हात लावला?"

"रिकामंच तर होतं! फुकट पडलेली जागा, म्हटलं लावू कामाला."

"रिकामं नव्हतं ते, माझं होतं!" मी ओरडलेच. "या घरात पिंपांना जागा हाय, भाच्याच्या वरातीला जागा हाय. मलाच तेवढी नाय!"

मला रडू फुटलं. हे उठले आणि स्वतः चहा टाकला. आमच्याकडं हीसुद्धा बातमीच.

मी व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवला, एवढी माणुसकी दाखवली. स्वॅपची जागा पुन्हा वेगळी काढली, रविवारभर बसून निष्कर्ष पुन्हा लिहिले आणि सोमवारी नेऊन दिले. मार्गदर्शक चाळून म्हणाले, "जरा घाईत लिहिलंय का?" मी हसले. दुसरं काय करणार?

पुढच्या नळाला शाळेतून घरी आले, तर मशीनजवळचं एक पिंप जागेवर नाही. ह्यांनी ते शेजारी देऊन टाकलं होतं. नळ आलेल्या दिवशी, पिंप! खिडकीखाली टेबल-खुर्ची मावेल एवढी फरशी मोकळी.

"हे काय?"

"असू दे. तुला लागंल."

परवा नणंद राहायला आली. सूटकेस घेऊन थेट त्या कोपऱ्याकडं वळली. "इथं रिकामंच हाय की."

हे आतून पळत आले आणि सूटकेस तिच्या हातातून घेतली.

"रिकामं नाय ते."