फिलोमिनाचा वकील

अर्नाळ्याची फिलोमिना १९४१ साली आगाशीच्या बाजारात मासळी विकत होती. बाजारपट्टीचा, म्हणजे विकायला बसण्याच्या कराचा, ठेका तेव्हा कामणच्या नरहरीशेटकडे. नाक्यावर एकदा पट्टी घ्यायची आणि बाई जागेवर टेकली की पुन्हा मागायची, ही त्याची रीत. एका शुक्रवारी फिलोमिना म्हणाली, "एकदा दिली, आता कोनाला देऊ?" शेटने तिची पाटी लाथेने गटारात लोटली. वर मानगूट धरून तिला सगळ्या बाजारादेखत त्यातली मासळी उचलायला लावली.

तिचा मुलगा बॅप्टिस्ट तेव्हा वीस वर्षांचा होता, मुंबईत कॉलेजात शिकत होता. घरी आला तेव्हा आईच्या मानेवरचे वळ अजून निळे होते. पुढच्या वर्षी त्याने कायद्याच्या वर्गात नाव घातलं.

सनद मिळाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते ठेकापत्राची नक्कल काढण्याचं. पट्टी एकदाच घ्यायची, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मग अर्नाळ्यातल्या घराघरांत बसून त्याने एकतीस कोळणींचे जबाब लिहून घेतले. अर्ज बायकांच्याच नावे गेला, त्याचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. चौकशी लागली, नरहरीशेटचा ठेका गेला. बायकांनी बाजारात साखर वाटली. बॅप्टिस्टने तोंडातही घातली नाही. ठेका गेला तरी माणूस ताठच होता. कामणला त्याची लाकडाची मोठी वखार होती आणि ती जोरात चालली होती.

त्याच सुमारास विक्रीकर नवा आला होता. वसईच्या कोर्टातले वकील त्याच्या वाटेला जायला तयार नसत. "खून-मारामाऱ्या सोडून हे विवरणपत्रांचं दळण कोण दळणार?" म्हणून हसत. बॅप्टिस्टने तेच दळण घेतलं. जकात, घरपट्टी, विक्रीकर, जे कराचं असेल ते. निम्म्या फीत त्याने कामणच्या एकेका वखारवाल्याला पक्षकार करून घेतलं. वगळलं ते एकट्या नरहरीशेटला. त्याचा दिवस येणार, याची त्याला खात्री होती.

तो दिवस १९५५च्या फेब्रुवारीत आला. म्हातारा झालेला नरहरीशेट काठी टेकत बॅप्टिस्टच्या वसईतल्या कचेरीत शिरला.

"वकीलसाहेब, कारकुनाने घोळ घातला. मुंबईच्या नोंदलेल्या व्यापाऱ्यांना विकलेल्या मालावर कर नसतो, त्याचे दाखले जोडलेच नाहीत. सगळ्या मालावर कर बसलाय. दाखले आहेत माझ्याकडे, हे बघा."

बॅप्टिस्टने कागद चाळले. केस सरळ होती. अपील केलं की कर उतरणार. पण मुदतीचे चारच दिवस उरले होते.

त्याने मान वर केली. "शेट, अर्नाळ्याची फिलोमिना आठवते?"

"कोण फिलोमिना?"

"आगाशीच्या बाजारात बसायची."

शेटने कपाळाला आठ्या घातल्या. "बाजारात शंभर बायका बसायच्या. का? काय झालं?"

बॅप्टिस्टने कागद गोळा करून त्याच्यापुढे सरकवले. "मी ही केस घेत नाही. ठाण्याला दुसरा कोणी बघा."

मुदतीबद्दल तो अक्षरही बोलला नाही. शेटला ठाण्याचा वकील मिळाला, पण आठवड्याने, मुदत टळल्यावर. कर भरता आला नाही आणि पावसाळ्याआधी वखारीचा लिलाव झाला. तो बघायला बॅप्टिस्ट स्वतः कामणला गेला आणि शेवटची बोली होईपर्यंत उन्हात उभा राहिला. मग शेटजवळ गेला.

"फिलोमिना माझी आई. तिची पाटी तुम्ही गटारात लोटली होती. माझ्याकडे आलात तेव्हा अपिलाला चार दिवस होते."

नरहरीशेट काठीवर भार टाकून पुढे झाला. "मुदतीचं नुसतं सांगितलं असतंस तर..."

"म्हणून तर सांगितलं नाही."

शेटची सून वखारीच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती बॅप्टिस्टच्या अंगावर थुंकली. त्याने बाही पुसली आणि वसईची मोटार पकडली.

अर्नाळ्याला घरी जाऊन त्याने आईला सगळं सांगितलं. ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं. फिलोमिना खारवलेली मांदेली वाळत घालत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "पोरं हायेत त्याच्या घरात?"

"आहेत."

"मंग तू त्यांच्यासाठी नरहरीशेट झालास." ती दुसऱ्या पाटीकडे वळली.

बॅप्टिस्टला राग आला. एवढी वर्षं जिच्यासाठी काढली तिने असं बोलावं! तो न जेवताच निघाला. सकाळी कचेरी उघडली तर बाकावर तिघं बसलेले. पहिला आत येऊन हळूच म्हणाला, "साहेब, काल लिलावात तुमचं बोलणं ऐकलं. माझाही एक जण आहे. त्यालाही असंच संपवायचंय."

बॅप्टिस्टने त्याला बसायला सांगितलं.