सरळ घरी

लिझाचा मेसेज आला तेव्हा मी प्लांटमध्ये, शिफ्ट बदलताना होते त्या मीटिंगमध्ये होते. ‘डॅड गेले. सकाळी, गॅरेजमध्ये, खुर्चीतच.’ मी फोन पालथा ठेवला, मीटिंग संपवली आणि पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले. तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की त्या वेळी त्यांच्याजवळ कोणी बसलेलं होतं का... आणि हे मी लिझाबद्दल विचारत नव्हते. असला विचार करणारी बाई मी नाही. तो का आला, हे सांगायचं म्हणून पाच आठवड्यांनी लिहायला बसले आहे.

चँडलर या वाळवंटातल्या अमेरिकन शहरात, आमच्या समोरच्या घरात लिझा राहते. नर्स आहे. तिचे वडील सेव्हेरिनो सहा वर्षांपूर्वी, पत्नी गेल्यावर, तिच्याकडे राहायला आले. फिलिपिन्समधल्या समुद्रकाठच्या एका प्रांताचे ते निवडून आलेले गव्हर्नर होते. आपल्याकडचा झेडपीचा अध्यक्ष आणि पालकमंत्री एकाच माणसात कालवले, तर जे होईल ते. पद जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तिकडचे सगळे लोक त्यांना ‘गव्ह’च म्हणत. मीही तेच म्हणू लागले. ते मला ‘मॅडम इंजिनिअर’ म्हणत.

ओळख झाली ती माझे सासरे, अण्णा, वारले तेव्हा. जूनचा महिना होता, बाहेर भट्टी. दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात पांढरा, भरतकामाचा शर्ट घातलेला एक बुटका गृहस्थ, मागे व्हॅनमध्ये आठ घडीच्या खुर्च्या आणि बर्फाच्या चार पिशव्या. उदयने, माझ्या नवऱ्याने, मला हळूच विचारलं, “अगं, हे कोण? केटररचा माणूस का?” आम्ही त्यांच्याशी तोवर एक शब्द बोललो नव्हतो. त्यांनी खुर्च्या मांडल्या, बर्फ सिंकमध्ये ओतून त्यात पाण्याच्या बाटल्या खोचल्या, आणि दाराशेजारच्या खुर्चीत बसले. अण्णांना चहा कसा लागायचा, असं त्यांनी सासूबाईंना इंग्रजीत विचारलं. आईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी अर्धा तास मराठीत उत्तर दिलं, आणि हा माणूस योग्य त्या ठिकाणी मान हलवत राहिला. दोन दिवसांत आई पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

निघताना मी दारापर्यंत जायला उठले, तर त्यांनी हात करून थांबवलं. मयताच्या घरातून निरोप घेत नाहीत, म्हणाले, घरच्यांनी पोचवायलाही यायचं नसतं. मग समोर चाळीस पावलांवर स्वतःचं घर असताना ते व्हॅनमध्ये बसले आणि उलट्या दिशेला निघून गेले. अर्ध्या तासाने परतले, हातात डोनटचा डबा.

त्याचं कारण पुढे कळलं. त्यांच्याकडे मयताच्या घरून कधी सरळ घरी जात नाहीत. वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं, चार माणसांत बसायचं. नाहीतर गेलेला माणूस मागोमाग घरी येतो. मी म्हटलं, आमच्याकडे आंघोळ करतात. ते म्हणाले, तुमचं स्वस्त पडतं, आमच्यात वजन वाढतं.

शनिवारी सकाळी ते गॅरेजचं दार उघडं टाकून बसत. मी मेथी-बिथी द्यायला जाई आणि तासभर अडकून पडे. त्यांची सगळी कारकीर्द मी अशी हप्त्याहप्त्याने ऐकली. तीनचाकी सायकलवरून मच्छीमारांच्या होड्यांना बर्फ विकण्यापासून सुरुवात. मग स्वतःचा बर्फाचा कारखाना, मग बस कंपनी, मग गावचे महापौर, मग गव्हर्नर. विरोधक त्यांना ‘बर्फवाला’ म्हणून हिणवायचे, तर यांनी प्रचाराच्या गाड्यांवर बर्फाची लादीच रंगवून घेतली. मतं कुठे मिळतात, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, सभेत. “सभेत लोक जेवायला येतात,” ते म्हणाले. “मतं मयताच्या घरी मिळतात. लग्नाला कोण आलं नाही ते लोक विसरतात. मयताला कोण आलं नाही ते विसरत नाहीत.” प्रांतात कुठेही कोणी गेलं की यांचा बर्फ आणि यांच्या खुर्च्या आधी पोचत, मागून हे. आधी ते मतांसाठी जात. पुढे न जाणं जमेना, असं म्हणाले.

संत नव्हते. प्रांतातले बरेचसे रस्ते त्यांच्या मेहुण्याने बांधले आणि ते वाईट बांधले, हे त्यांनीच सांगितलं.

वादळाची गोष्ट मात्र त्यांनी तीन वर्षं सांगितली नाही. सांगितली तीही एका दमात, माझ्याकडे न बघता. प्रांताच्या कामाला स्वतःच्याच कंपनीच्या बसेस लावतात, अशी तक्रार विरोधकांनी केली होती आणि ती खरी होती. म्हणून त्यांनी लेखी हुकूम काढला, की आपली सही असल्याशिवाय आपल्या कंपनीची एकही गाडी सरकारी कामाला बाहेर पडणार नाही. त्या हुकुमाचा त्यांना अभिमान होता. पुढच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर मोठं वादळ आलं तेव्हा ते राजधानीत बैठकीला होते. किनाऱ्यावरचं एक गाव हलवायचं होतं. सगळ्यात जवळच्या बसेस त्यांच्याच डेपोत, टाक्या भरून उभ्या. फोन बंद पडले. डेपोचा मॅनेजर सहीची वाट बघत बसला.

“माणूस प्रामाणिक होता,” गव्ह म्हणाले. “मीच निवडला होता.”

त्या गावातल्या मृतांना शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. यांनी कारखान्यातला सगळा बर्फ पाठवला. खुर्च्या पाठवल्या. स्वतः गेले नाहीत. उभ्या कारकिर्दीत चुकवलेली ती एकच जागा. पुढची निवडणूक ते हरले, पण त्याबद्दल कधी बोलत नसत.

गेल्या मार्चमध्ये लिझाच्या बोलण्यात सहज आलं, की दोन तासांवरच्या टुसॉनला मर्सी नावाची एक नर्स आहे, ती त्याच गावची. तिची आई त्या हॉलमध्ये होती. दर वर्षी आई गेली त्या तारखेला ती घरी प्रार्थना ठेवते आणि दार सगळ्यांना उघडं असतं. यंदा ती मेमधल्या एका शनिवारी येत होती. गव्हना जायचं होतं. लिझा साफ नाही म्हणाली. डॅडचं हृदय अधू, आणि त्या बाईला का छळायचं? म्हणून त्यांनी मला विचारलं. अख्खा शनिवार जाणार होता, आणि लिझाला न सांगता नेणं मला पटत नव्हतं. मी तिला सांगितलं आणि नेलं. ते आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

वाटभर मांडीवर बर्फाची पिशवी, पॅंट भिजत होती, तरी मागे ठेवू देईनात. मर्सीने दार उघडलं. पन्नाशीची, थकलेली बाई. त्यांनी नाव सांगायला सुरुवात केली, तर तिने थांबवलं.

“माहीत आहे, गव्ह. बर्फ पोचला होता.”

तिने पिशवी घेतली, दाराशेजारची खुर्ची दाखवली, कॉफी आणि बिस्किटं आणून दिली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. शिव्याही दिल्या नाहीत. प्रार्थना झाली, त्यांनी जपमाळेचा एकेक मणी ओढला. दोन तासांनी आम्ही उठलो. ती पोचवायला आली नाही. ती रीत म्हणून की राग म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चँडलर जवळ आल्यावर मी त्यांच्या रीतीप्रमाणे डोनटच्या दुकानासाठी इंडिकेटर दिला.

“आज नको,” ते म्हणाले. “सरळ घरी चल.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. मी इंडिकेटर बंद केला. त्यांच्या घरासमोर ते उतरले, आणि मग त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. मागे काही नव्हतं. दार धरून ते बाजूला सरकून उभे राहिले, म्हाताऱ्या माणसांना उतरायला जागा द्यावी तसे. मी म्हटलं, गव्ह, एसी वाया जातोय. ते हसले नाहीत. बराच वेळ उभे राहिले... इतका, की मी आरशात बघणं टाळलं. मग दार हलकेच लोटलं आणि आत गेले.

त्यानंतर ते जेमतेम तीन आठवडे जगले. लिझा म्हणाली, त्या दिवसांत ते गॅरेजमध्ये दोन-तीन जास्तीच्या खुर्च्या मांडून बसायचे. कोणी येणार आहे का, असं तिने विचारलं, तर म्हणाले, आलेत. झोप मात्र चांगली लागत होती.

अंत्यविधीला मी आणि उदय गेलो. चर्च भरलं होतं. मागच्या रांगेत, दाराजवळ, मर्सी बसली होती. माझ्याआधीच ती उठून गेली, निरोप न घेता. येताना उदयने डोनटच्या दुकानाकडे गाडी वळवायला घेतली. तोही आता शिकला होता. मी म्हटलं, नको, सरळ घरी चल. ड्राइव्हवेमध्ये उतरल्यावर मी मागचं दार उघडलं आणि थोडा वेळ धरून उभी राहिले. बाहेर भट्टी होती. उदय एसीबद्दल काही बोलला नाही.

अण्णांच्या वेळी आलेल्या आठ खुर्च्यांपैकी एक आमच्याकडेच राहिली आहे. ती दाराशेजारी असते. लिझाला परत द्यायची आहे. देईन.