ओब्रादच्या गाडीचे दिवे

१५ नोव्हेंबर २०२२, मंगळवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ओब्राद मान्चिचने माझ्या खिडकीतून पाच हजार नऊशे चाळीस दिनार आत सरकवले. वाहन तपासणीची वर्षाची फी. बेला पलांका या आमच्या गावच्या तपासणी केंद्रात एकोणतीस वर्षं मी ही खिडकी सांभाळतो आहे, आणि ओब्राद माझा शेजारी. आमच्या दोन अंगणांत मिळून एकच भिंत. दरवर्षी पैसे देताना तो म्हणायचा, "घे हिशेबनीस, हे तुम्हाला फुकटचे. या गाडीत तुम्हाला काय सापडणार?" यंदा म्हणाला, "त्या पोराला दिवे नीट बघायला सांग."

ओब्राद बहात्तर वर्षांचा. त्यातली एकतीस वर्षं पिरोतच्या रस्त्यावर बस चालवण्यात गेली. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्याच्या बायकोची, पेर्सिदाची, दोन्ही मूत्रपिंडं गेली आणि तो पुन्हा त्याच रस्त्याला लागला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहाला पिरोतच्या रुग्णालयात तिला डायलिसिसवर घेतात. तिथे नेणारी सरकारी गाडी आहे, पण ती पाच गावं फिरत पावणेदोन तास लावते आणि पेर्सिदाला वळणावळणावर ओकाऱ्या होतात. म्हणून ओब्रादची तेवीस वर्षांची लाल गाडी. ती थांबली तर पेर्सिदाच्या वाट्याला ते पावणेदोन तास येणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

त्या तीन दिवशी पावणेपाचला तो बॉनेट उघडायचा. ऑईलची पट्टी काढून पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. मग रेडिएटरचं पाणी, ब्रेक ऑईल. रात्री इंजिनखाली अंथरलेला पुठ्ठा ओढून थेंब पडलाय का ते तपासायचं. थंडी सुरू झाली की काच धुण्याच्या टाकीत पहिल्या धारेची प्लमची दारू ओतायची, म्हणजे पाणी गोठत नाही. शेवटी गाडी मागे घेऊन ब्रेक दाबायचा आणि आरशातून बघायचं, भिंतीवर दोन लाल ठिपके पडले का. ती लाली माझ्या घराच्या खिडकीतही यायची. सहा वर्षं मला गजर लावावा लागला नाही.

"माझी नाडी याने एकदा बघितली असेल तर शपथ," पेर्सिदा म्हणायची. "ऑईलची पट्टी मात्र चुकत नाही."

"पट्टी खरं बोलते," ओब्राद म्हणायचा. "तू 'बरी आहे' म्हणतेस."

ऑगस्ट संपता संपता त्याला दिवे मंद वाटू लागले. त्याने बल्ब बदलले. काचा टूथपेस्टने घासून लख्ख केल्या. बॅटरी नवी घेतली, आल्टरनेटर काढून तपासून आणला, वायरींची टोकं कानशीने घासली. ऑक्टोबरात पुन्हा नवे बल्ब. "हे बल्ब नाहीत, काजवे आहेत," म्हणाला.

मला शंका सप्टेंबरातच आली होती. तपासणीच्या दिवशी आमच्या गल्लीत सगळे ओब्रादकडूनच वस्तू नेतात: प्रथमोपचाराची पेटी, गाडी बंद पडली की रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण, कुणी स्टेपनीसुद्धा. एकच पेटी वर्षातून नऊ-दहा गाड्यांतून पास होते. मला माहीत आहे, शिक्का मीच मारतो. माझ्या गाडीच्या तपासणीला ऐन वेळी हेडलाइटचा बल्ब उडाला. ओब्रादने नुकत्याच काढून टाकलेल्यांतला एक दिला. "मंद आहे, पण तुझ्या खटाऱ्याला चालेल," म्हणाला. "उद्या नवा आणून देतो," मी म्हणालो. त्या संध्याकाळी मी तो लावून घरी आलो. त्या बल्बच्या उजेडात वाटेतल्या पुलापलीकडचा चुना लावलेला दगड स्वच्छ दिसत होता. मी ओब्रादला काही बोललो नाही. बोललो असतो तर पेर्सिदाला पिरोतला कोण नेणार होतं?

तर त्या मंगळवारी गाड्या तपासणाऱ्या आमच्या रांकोने गाडी आत घेतली. धूर ठीक, ब्रेक ठीक, ब्रेक ऑईल ठीक. मग दिव्यापुढे उजेड मोजायचं यंत्र सरकवलं.

"ओब्रादकाका, झकास! नव्या गाडीलाही असा उजेड नसतो."

"पुन्हा बघ."

रांकोने पुन्हा बघितलं. "तेवढाच."

"तुझं यंत्र बिघडलंय, पोरा."

"सकाळपासून तिसरी गाडी आहे, काका. आधीच्या दोघांनी तक्रार नाही केली."

ओब्राद माझ्या खिडकीशी आला. "हिशेबनीस, मी दिलेला बल्ब कसा लागतो?"

"चांगला लागतो."

"कुठवर दिसतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "पुलापलीकडच्या दगडापर्यंत."

तो रस्ता त्याला इंचाइंचाने पाठ होता. त्याने काउंटरची कड चाचपली. "मला पुलाचा कठडाही दिसत नाही," तो हळूच म्हणाला. "आणि ती मागे झोपलेली असते."

रांकोने कागद आणून दिला. गाडी एक वर्षासाठी पास. ओब्रादने किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि चालत घरी गेला.

त्याच दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवायची नाही. तारीख जूनमधली मिळाली. संध्याकाळी मी त्याची गाडी अंगणात आणून लावली आणि किल्ली त्याला दिली. पण दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, पावणेपाचला भिंतीवर लाली आली. मी कोट चढवून बाहेर गेलो. ओब्राद ऑईलची पट्टी बोटाने चाचपत होता. मला चालकाच्या जागी बसवून त्याने ब्रेक दाबायला लावला.

"दोन्ही लागले?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

"मग चल. इंजिन गार आहे, दामटू नकोस."

मागून पेर्सिदा म्हणाली, "तिघांत मिळून एक धड माणूस होतो का बघा."

तेव्हापासून आठवड्याचे तीन दिवस असंच चालू आहे. त्यांना सोडून मी सातला परततो, साडेसातला खिडकी उघडतो, आणि अकराच्या सुमारास झोपेने आकडे डोळ्यांपुढे हलू लागतात. येताना ती दोघं सरकारी गाडीने येतात, म्हणजे तिच्या ओकाऱ्या निम्म्याने वाचल्या, एवढंच. रविवारी ओब्राद माझ्या गाडीचं बॉनेट उघडतो. "यात तेल आहे की डांबर?" म्हणतो आणि पट्टीचा वास घेऊन तेल बदलायचं का ते सांगतो.

आज २८ फेब्रुवारी. जूनला तीन महिने आहेत. सप्टेंबरात घेतलेला बल्ब अजून माझ्याच गाडीत आहे. ओब्रादला मी एक बल्ब देणं लागतो.