कुठंय मॅडम

दोन हजार बावीस साल होतं आणि मी चौसष्ट वर्षांचा होतो. या वयात माणसाला कुणी काही विचारलं तर सल्ला विचारावा, अशी माझी साधी अपेक्षा. पण त्या साली आमच्या गोदामात एक बाई आली आणि ती मला उठल्याबसल्या एकच गोष्ट विचारायची. "तात्या, हे कुठंय?"

पंपाचं बेरिंग कुठंय. ट्रॅक्टरची क्लच प्लेट कुठंय. सापडलं की आनंद नाही, न सापडलं की राग नाही, लगेच पुढचं. कुठंय, कुठंय, कुठंय. आठ दिवसांत बाबूमियाँ हमालानं तिचं नाव ठेवलं, कुठंय मॅडम. तिला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. माझं खरं नाव तुमाला म्हणताच येत न्हवतं." तेही खरंच होतं.

गोदाम बीडला. ट्रॅक्टरचे आणि पाण्याच्या मोटारींचे सुटे भाग. धारूर, नेकनूर, सगळीकडचे मिस्तरी आमच्याकडे येतात. तिथं मी उमेदीपासून आहे. माझं शिक्षण तिसरी. तिसरीत दोनदा बसलो, म्हणजे चौथी धरायला हरकत नाही. माल मी माझ्या डोक्यानं लावला होता. रोज लागणारं दाराशी, कधीमधी लागणारं आत, आणि कुणालाच न लागणारं माझ्या स्टुलाखाली. याला अक्कल लागते, वीज लागत नाही.

आता लोक बोलतात ते बोलतात. एकदा ऑइल सीलचं खोकं सापडेना म्हणून मालकांनी दुसरं मागवलं. तेही सापडेना म्हणून तिसरं मागवलं. मॅडमनी आल्याबरोबर तिन्ही बाहेर काढली, एकाच कोपऱ्यातून, एकामागं एक. मालक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "हरवली न्हवती मालक. बसली होती." मॅडम हसली नाही. तिनं नाकाला बांधलेला रुमाल आणखी घट्ट केला. धुळीमुळं ती दिवसभर तसा रुमाल बांधून फिरायची, आणि नवीन गिऱ्हाइकाला आधी वाटायचं की दरोडा पडलाय.

ती नेकनूरची. रोज बसनं यायची. वडील तिथल्या शाळेत शिपाई. पोरीला कॉम्प्युटर शिकवला तेव्हा भावकीनं वडिलांना विचारलं होतं, कावून पैसे घालवतो? शिकून ती गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसली, तेव्हा भावकीला बोलायला आणखी जागा झाली. आमच्याकडची ही तिची पहिली खरी नोकरी, आणि तीही कच्ची. मालकांनी सांगून ठेवलं होतं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी येतो. वस्तूंच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकतो. जी वस्तू निघंल ती कॉम्प्युटर सांगंल त्याच जागी पायजे. तिथं न्हाई सापडली तर कॉम्प्युटर बंद, आन् मॅडम, तुमी बी मोकळ्या."

"चालंल," मॅडम म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "तात्या, मला परत त्या झेरॉक्सच्या मशिनीपुढं उभं राहायचं न्हाई. तिची गरम हवा लई वाईट."

तिचं काम असं होतं. माल ठेवायचे लोखंडी घोडे ओळीनं उभे, त्यांच्या झाल्या रांगा, अ, ब, क. प्रत्येक रांगेला पाच फळ्या. प्रत्येक फळीवर खण. म्हणजे क-एक-चार म्हटलं की क रांग, पहिली फळी, चौथा खण. हा झाला वस्तूचा पत्ता. तो कॉम्प्युटरमध्ये लिहायचा, डब्यावर चिकटवायचा, फळीवर चिकटवायचा. गळ्यात एक यंत्र अडकवलेलं, ते चिठ्ठीपुढं धरलं की टिटवीसारखं ओरडायचं. ओरडलं की वस्तू घरी पोचली म्हणायची. ABCD ऐवजी अबक कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "तुमच्यासाठी." मी सांगितलं, "मला ABCD येती. मी तिच्या वाटंला जात न्हाई, एवढंच."

पत्ता नसलेली वस्तू तिला बघवायची नाही. चहाच्या कपांना पत्ता दिला. चपलांना दिला. बाबूमियाँच्या बिडीच्या बंडलाला दिला, तर तो बिचारा ओढायची म्हणजे ड रांगेत जाऊन यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, इससे तो छोड दूँ अच्छा." "तेच तर पायजे," मॅडम म्हणायची. माझा चष्मा मी दिवसातून दहादा हरवायचो. तिनं भिंतीला खिळा मारला, त्याखाली चिठ्ठी लावली आणि म्हणाली, "ह्यो त्याचा पत्ता. आता हरवला तर चष्मा न्हाई हरवला, तात्या हरवले."

आमचं भांडण लागलं ते फळीवरून. ती फळी खालून मोजायची. जमिनीलगतची पहिली, छताजवळची पाचवी. मी म्हणालो, हे उलटं आहे. माणूस वरून खाली वाचतो, पाणी वरून खाली पडतं, अंघोळीचा तांब्या डोक्यावर ओततो, पायावरून सुरुवात करत नाही. तर मोजणी वरून.

"तात्या, उद्या वर एक फळी वाढवली तर सगळे नंबर बदलावे लागतील."

"वर पत्रा हाय. फळी काय पत्र्यावर टाकता?"

ती तिच्या म्हणण्यावर, मी माझ्या. ती मला पहिल्या फळीवरून काही आणायला सांगायची, मी शिडीवर चढायचो, ती खाली उभी राहून कपाळावर हात मारायची. पाचांतली तिसरी फळी तेवढी वरून मोजा, खालून मोजा, तिसरीच. तिथं आमचं कधी भांडण झालं नाही. क रांगेच्या तिसऱ्या फळीचं काम निघालं की दोघंही खुशीत.

अशात खंडेनवमी आली. आमच्या गोदामात खंडेनवमीला सगळा माल अंगणात काढायचा, घोडे पाईपनं धुवायचे, माल परत लावायचा आणि मग पाने-हातोड्या मांडून हळदकुंकू, झेंडू. मालकांच्या वडिलांपासूनची रीत. मॅडम दोन दिवस येणार नव्हती, गावीच थांबणार होती. दसऱ्याला त्यांच्या विहारात कार्यक्रम, आणि जेवणाची भांडी तिच्या ताब्यात. ती भांडी कुणाला कशी सापडली असतील ते मी सांगू शकतो.

जाताना म्हणाली, "खंडेनवमी आमच्यात न्हाई, पण धूळ काढायला माझी ना न्हाई. फकस्त एक करा तात्या. एका येळी एकच रांग उतरवा. ती जागंवर लावली की मग दुसरी."

"मला माल लावायला शिकवू नका, मॅडम."

"शिकवत न्हाई. पाया पडते."

आता पाया पडणारीला नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणालो. पण खंडेनवमीला पाईप उघडा, बाबूमियाँ लुंगी वर खोचून तयार, आणि एकेक रांग उतरवत बसलो असतो तर दिवाळी आली असती. सगळा माल आम्ही अंगणात काढला. जसा दर वर्षी काढतो तसा. घोडे असे धुतले की रंग दिसला. फळ्यांवरच्या मॅडमच्या चिठ्ठ्या मात्र पाण्यानं सुटल्या आणि नालीत गेल्या. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांना तिनं वरून चिकटपट्टी मारली होती, त्या राहिल्या.

मग लावायला घेतलं. मी ठरवलं, मॅडमच्या चिठ्ठीबाहेर जायचं नाही. माझा शब्द म्हणजे शब्द. डब्यावर क-एक-चार आहे ना? क रांग, पहिली फळी, चौथा खण. आणि पहिली फळी म्हणजे वरची.

पंपाच्या लोखंडी कवचाचं खोकं बाबूमियाँनं खांद्यावर घेतलं आणि शिडीखाली थांबला. "तात्या, लोहा ऊपर और कागज का फिल्टर नीचे? दिमाग कू पानी लग्या क्या?"

"गप बे. चिठ्ठीवर एक लिवलंय. चढ."

"ये मॅडम ऐसा बोली?"

"चिठ्ठी बोलती ना!"

तो चढला. दिवसभर चढला. मला काय काय बोलला ते दख्खनीत असल्यामुळं मी इथं लिहीत नाही. दिवेलागणीला सगळा माल चिठ्ठीबरहुकूम लागला. हळदकुंकू वाहिलं. घोडे जरा कुरकुरत होते, पण सणासुदीला कोण कुरकुरत नाही?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम पहिल्या बसनं आली. मालक जेवून येणार होते. ती दारात उभी राहिली. वर बघितलं, तर कवचं. खाली बघितलं, तर फिल्टर. रुमाल बांधायचंही विसरली. मी तिला आठवण केली, तर ती खाली बसली. माझ्या स्टुलावर. त्या स्टुलावर तोवर कुणी बसलं नव्हतं.

"सगळं काढलं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"फळ्यांवरच्या चिठ्ठ्या?"

"नालीत."

तिचे डोळे भरले. मला वाटलं आता रडणार आणि मला काहीतरी समजुतीचं बोलावं लागणार, ज्याची मला सवय नाही. तेवढ्यात तिनं डोळे पुसून विचारलं, "तात्या, लावताना डब्यावरचा नंबर बघून लावलं का अंदाजानं?"

"अंदाजानं लावायला मी काय नवशिका हाय? एकेक वाचून लावलं. फळी वरून मोजून."

"समदीकडं वरून? एक बी रांग खालून न्हाई?"

"आता मी शब्द बदलणारा माणूस हाय का?"

ती उठली. अ रांगेत गेली, ब मध्ये गेली, यंत्र टिटवीसारखं ओरडत होतं. परत आली तेव्हा हसत होती, आणि असं हसत होती की बाबूमियाँ घाबरून तिला पाणी घेऊन आला.

"तात्या, तुमी एका बी ठिकाणी चुकला असता ना, तर मी मेले होते. तुमी तर सगळंच्या सगळं उलटं केलंय!"

मग तिनं फळ्यांसाठी नवीन चिठ्ठ्या छापल्या आणि चिकटवल्या. वरच्या फळीला एक, खालच्या फळीला पाच. बस. डबे होते तिथंच राहिले. कॉम्प्युटरला हात लावला नाही.

मालक आले, चिठ्ठ्या टाकल्या. पहिलीच निघाली कवचाची. कॉम्प्युटर म्हणाला क-एक-चार. बाबूमियाँ कुणाचा तरी उद्धार करत शिडीवर चढला. क-एक-चारमध्ये कवच. पुढची चिठ्ठी, बरोबर. त्याच्या पुढची, बरोबर. मालकांनी हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या आणि वर बघत विचारलं, "पण एवढं जड कुणी वर ठेवलं?"

मी छाती पुढं काढून सांगणारच होतो, तेवढ्यात मॅडम म्हणाली, "वर ठेवलं म्हंजी चोर न्यायला आला तरी कंबर मोडून इथंच सापडंल, साहेब. पुढच्या हप्त्यात खाली घेतो."

मालक हसले, आणि मॅडम पक्की झाली. संध्याकाळी बसला जाताना तिनं वडिलांना फोन लावला आणि रस्त्यातच थांबून बोलत राहिली. बस चुकली.

पुढच्या हप्त्यात जड माल आम्ही खाली घेतला, एका वेळी एकच रांग. तेव्हा ती चिठ्ठ्या परत खालून मोजून लावील, अशी माझी खात्री होती. मी भांडायच्या तयारीनं उभा होतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वरूनच. कॉम्प्युटरला वरखाली कळत न्हाई. तुमाला कळतं." मी जिंकलो. पण जिंकल्यावर भांडायला काही उरलं नाही, त्यामुळं तो दिवस जरा मोकळा मोकळाच गेला.

गेल्या साली तिला पुण्याकडं मोठ्या गोदामात नोकरी लागली. तिथं म्हणे घोडे तीन मजली उंच आहेत. निघायच्या दिवशी तिनं सगळ्यांना पेढे दिले, बाबूमियाँला बिडी सोडायची शपथ घातली, जी त्यानं रस्ता ओलांडेपर्यंत पाळली. मला वाकून नमस्कार केला. मी खिसे चाचपडायला लागलो.

"कुठंय?" ती म्हणाली.

"काय?"

"चष्मा."

मी भिंतीकडं बघितलं. खिळ्यावर होता. "घरी हाय," मी म्हणालो. ती गेली. त्या दिवशी चष्मा मी खिळ्यावरून काढला नाही. लागलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या जागी नवा माणूस आला. मिशा, बूट, कॉम्प्युटरचं कसलं कसलं शिक्षण. आल्याबरोबर क रांगेपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "काका, हे नंबर उलटे आहेत. फळी खालून मोजतात. सगळीकडं तसंच असतं." आणि नखानं चिठ्ठीचा कोपरा उचलायला लागला.

मी माझं स्टूल उचललं, त्याच्या आणि घोड्याच्या मधे ठेवलं आणि त्यावर बसलो. "सगळीकडं मोजू द्या," मी म्हणालो. "इथं वरून. मॅडमची पद्धत हाय. हात लावायचा न्हाई."