आत्या पडद्यावर बोलली तेव्हा

समुद्रपूरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं वर्ध्याला मी शिकवते त्या शाळेत येऊन निरोप दिला, “तुमची आत्या गेली, घरी बोलावलं आहे.” तो जायला वळला आणि पुन्हा थांबून म्हणाला, “घोड्यावरच्या बाई होत्या ना त्या?” त्या दुःखातही माझी मान ताठ झाली... दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता, तर आमच्या घरानं खाली पाहिलं असतं.

आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घोड्यांची देखभाल करायचे, त्यामुळे चालायला लागली तशी ती घोड्यावरही बसू लागली. आईवडील साथीत गेले तेव्हा माझे बाबा लहान होते. ते काकाकडे राहिले आणि आत्याला मामानं मुंबईला नेलं. तिथं एका सिनेमा कंपनीला घोडा पळवणारी मुलगी हवी होती. मूकपटांचा जमाना होता. पाच-सहा वर्षं आत्या पडद्यावर घोडे उडवत, तलवार फिरवत होती; तिची चित्रं भिंतींवर लागत. मग बोलपट आले. आवाजाच्या परीक्षेत तिला दोन वाक्यं बोलायला लावली. आपल्या वऱ्हाडी वळणानं ती ‘मी जातो’ म्हणाली, आणि बाईमाणूस ‘जातो’ म्हणते म्हणून सगळे हसले. भाषा बदल, शिकवणी लावू, असंही त्यांनी सांगितलं. आत्यानं नकार दिला आणि ती समुद्रपूरला परतली. गावानं तिला नाचीण म्हटलं. बाबांनी तिला घरात घेतलं, पण सिनेमाचा विषय कायमचा बंद केला. गावाबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यात तिनं वांगी, मिरच्या लावल्या; आठवडी बाजारात ती स्वतःच विकायला बसे. शेजारच्या वावरातली कौसाबाई तरुणपणीच बहिरी झालेली. तिच्याशी बोलताना आत्या तोंड समोर धरून सावकाश बोलायची, आणि कौसाबाईला ओठांवरून सगळं कळायचं. दोघींची मैत्री अशीच जमली.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी नागपूरच्या काही सिनेमावेड्या तरुणांना तिच्या एका चित्रपटाचा तुकडा कुठेतरी सापडला. तो ते गावच्या शाळेत दाखवणार होते. बाबा अस्वस्थ झाले. “बाई, झाकलेलं काऊन उघडून राह्यली? लोक हसतीन.” आत्या मिरच्या निवडत होती. “तवा हसले, तं मी उठून आलो. आता हसले तं तिथंच बसून राहीन.”

ती कौसाबाईला घेऊन पहिल्या ओळीत बसली. बाबा मागे, दाराशी उभे. पडद्यावर विशीतली आत्या घोडा फेकत आली, लगाम खेचला आणि पळणाऱ्या सरदाराला काहीतरी बजावलं. मग संवादाची पाटी आली : ‘अधमा, थांब! तुझा काळ समोर उभा आहे.’ कौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं आत्याच्या ओठांकडे पाहिलं होतं, आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, “थांब बे, कुठी पयून राह्यला, म्हणते!”

सगळी शाळा हसली. पण हे हसणं वेगळं होतं. मुंबईच्या त्या पडद्यावर, कुणाला ऐकू येत नसताना, आमची आत्या समुद्रपूरचंच बोलत होती. तो तुकडा लोकांनी पुन्हा लावायला लावला, आणि त्या वेळी बायका पडद्यावरच्या आत्यासोबत ते वाक्य मोठ्यानं बोलल्या. आत्या हसत नव्हती, रडतही नव्हती. नुसती ताठ बसली होती. मी मागे पाहिलं, तर बाबा दाराशी नव्हते. माणसं बाजूला सारत ते पुढे आले आणि बहिणीशेजारी खाली सतरंजीवर बसले.

आत्या गेल्याला आता महिना झाला. बाजाराच्या दिवशी तिच्या जागेवर बाबाच वांगी घेऊन बसतात. परवा मी तिथं होते. बाहेरगावच्या एका गिऱ्हाइकानं वांगी हातात घेत विचारलं, कोणाच्या वावरातली? बाबांनी तराजू खाली ठेवला.

“माह्या बहिणीच्या,” ते म्हणाले. “सिनेमात होती थे.”