सात नंबरचा ठिपका

शहराची ओढ किती लांबपर्यंत जाते, हे मोजायचं माझं काम. माणसांचे फोन कुठून निघाले, कुठे थांबले, परत कधी गेले, हे नकाशावर बघायचं आणि दिंडोरी नाशिकची किती, येवला किती, ते ठरवायचं. मी एकटीच राहते. ठिपक्यांत डोकं घालून बसले तरी 'आता उठ' म्हणणारं कोणी नाही.

आमचं अ‍ॅप तपासायला प्रत्येकाने घरातला एकेक फोन द्यायचा होता. मी सटाण्याला आबांना, म्हणजे वडिलांना, विचारून त्यांच्या फोनमध्ये ते टाकलं. "माझं काय दिसणार? घर ते पार," आबा म्हणाले. पुढे आम्ही दोघंही ते विसरलो.

परवा-परवा चाचणीचे फोन बघताना सात नंबरचा ठिपका नाशकात दिसला. सात नंबर म्हणजे आबा. तीन महिने, दर महिन्याचा दुसरा बुधवार. सकाळच्या एसटीने यायचं, एका इमारतीत चार तास, की लगेच परत. माझ्याकडे एकदाही नाही.

लगेच फोन लावला. "आबा, बुधवारी कुठे होतात?"

"घरीच व्हतो ना. मी कुठे जाणार?"

इतकं धडधडीत खोटं. मला रागच आला. मग आठवलं. दिवाळीनंतर ते न कळवता मेथीच्या जुड्या घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा माझी मीटिंग चालू होती. "येण्याआधी फोन करत जा ना, आबा," मी म्हटलं होतं, तेही केवढ्या तोऱ्यात. मेथी ठेवून ते पाणीसुद्धा न पिता गेले. त्यानंतर तो विषय कोणीच काढला नाही. आता ते माझ्या दारात पुन्हा कधी येणारच नाहीत की काय, ही धास्ती बसली.

पुढच्या महिन्यात त्या बुधवारी रजा टाकली आणि ती इमारत गाठली. डोळ्यांचा दवाखाना निघाला. आबा बाकावर बसलेले, उजव्या डोळ्यावर पट्टी, मांडीवर जेवणाचा डबा. त्यांना घरी न्यायचंच, असं ठरवून आले होते. मी जवळ पोचले. तेवढ्यात नर्सने त्यांना विचारलं, "न्यायला कोणी येतंय का? नाशकात कोणी आहे का तुमचं?"

"मुलगी आहे," आबा म्हणाले, "पण ती लांब राहते."

मी त्यांच्या पट्टीच्या बाजूला उभी होते. माझं घर तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.